सुनंदा, तो कागद माझ्याकडेच होता

सुनंदा, काल तुझं तेरावं झालं. पंगती उठल्या, पाहुणे गेले, जिन्यातल्या चपलांचा ढीग ओसरला. मी तुझ्या ओट्यापाशी डबे पुसत उभी होते, तेव्हा तुझी मावसबहीण जवळ येऊन म्हणाली, "ताई, तुमच्यात नणंद-भावजयीचं नातं नव्हतंच, बहिणी होता तुम्ही." मी डोळ्यांना पदर लावला. रडू खरंच येत होतं, पण तिचं बोलणं ऐकून त्याहून जास्त लाज वाटत होती. बहिणी कसल्या? सत्तावीस वर्षं मी तुझ्यावर जळत होते. तुला ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. आता विचारायचं तरी कुणाला?

सुरुवात अगदी लग्नापासूनची आहे. तू माझ्या धाकट्या भावाची, विलासची, बायको होऊन आलीस तोवर बाबा मला "बाय" म्हणून हाक मारायचे. आमच्या उरणकडच्या गावात लाडक्या लेकीला तेच म्हणतात. तू उंबरठा ओलांडलास आणि महिन्याभरात ती हाक तुझ्याकडे गेली. मी माहेरी आले की मला "काय मास्तरीन, शाला काय बोलते?" आणि तुला "बाय, च्या टाक गो." मी हसून घ्यायचे. विलासला म्हणायचे, बघ, म्हातारा कसा सुनेला लागलाय. सगळे हसायचे, तूसुद्धा. परतीच्या बसमध्ये मात्र मी खिडकीकडे तोंड करून बसायचे, आणि नवरा विचारायचा, काय झालं? काय सांगणार त्याला. चाळिशीच्या बाईने बापाच्या एका हाकेसाठी तोंड पाडून बसणं कुणाला सांगण्यासारखं असतं का?

बाबा नावड्याला तुमच्या फ्लॅटवर राहायला आले तेही मी गिळलं. पण तीन वर्षांपूर्वी गावचं घर पाडून तिथे इमारत उभी करायचं ठरलं आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली, तेव्हा मात्र मी फोन हातात घेऊनच बसले. आजोबांच्या वेळचे, त्यांच्या आधीचे कागद होते तिच्यात. वाटलं, आता बाबा मला बोलावतील. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई. घरात दुसरं कोण आहे कागदांची कदर असलेलं? मी नेरूळहून आले तर ट्रंक तुझ्या हॉलमध्ये उघडी, आणि किल्ली तुझ्या मंगळसूत्राला पिनेने अडकवलेली. तळोज्याच्या कंपनीत डिस्पॅचला चलनं फाडणारी तू, बारावी शिकलेली तू, आणि इंग्रजी अमलातल्या आमच्या पूर्वजांची किल्ली तुझ्या गळ्यात.

"बाबांनी दिली ताई," तू म्हणालीस. "मी बोलले, तुमाला विचारा. ते बोलले, मास्तरीन भाषण करेल, तू काम कर."

तू हे मला हसवायला सांगितलंस. मी हसले नाही, तुला आठवत असेल.

त्या दिवशी तू चादर अंथरलीस आणि कागद त्यावर मांडायला लागलीस. मी म्हटलं, आधी वाचायला नको का? तू म्हणालीस, "वाचायचं नंतर ताई. आधी गठ्ठा जुळवायचा. आमच्याकडे ट्रकवाले चलनं भिजवून आणतात, अक्षर काय दिसत नाय. मग आमी घडी बघतो, टाचणीची भोकं बघतो, गंजाचा डाग बघतो. एका गठ्ठ्यातले कागद एकमेकांना ओळखतात." दोन तासांत तू अख्ख्या ट्रंकेचे नऊ गठ्ठे केलेस. एकही अक्षर न वाचता. कुठल्याही पुस्तकात मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी मनात म्हणत होते, हे मला का सुचलं नाही.

मग तू एका गठ्ठ्यापाशी थांबलीस. वरच्या कागदावरचा तेलाचा डाग आणि खालच्यावरचा डाग शेजारी धरलेस, उजेडात नेलेस, पुन्हा चादरीवर ठेवलेस.

"इथला एक कागद गेलाय, ताई," तू म्हणालीस. "वरचा डाग मोठा, खालचा एकदम बारका. मधला पायजे. तुमच्याकडे हाय का? बाबा बोलतात, तुमी शाळेसाठी एक नेला होता."

मी म्हटलं, "तो प्रदर्शनात कुठेतरी हरवला. चाळीस वर्षं झाली त्याला."

सुनंदा, तो कागद माझ्याकडेच होता. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये. आजही आहे.

मला नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी तो काढून दिला होता. मोडीत लिहिलेला, खाली एक गोल असलेला. बाबा म्हणाले, हे आपल्या पोशाबाबाचं वॉरंट. पोशाबाबा म्हणजे बाबांचे पणजोबा. मिठागरावर गोऱ्या साहेबाने मजुराला लाथ मारली, पोशाबाबाने साहेबाच्या थोबाडीत दिली आणि तुरुंगात गेला, अशी घरची गोष्ट. मी तो कागद लॅमिनेट करून आणला आणि दर वर्षी आठवीच्या वर्गात फिरवला. मुलं त्या गोलावर बोट ठेवायची. मी सांगायचे, हा साहेबाच्या कचेरीचा शिक्का. मला मोडी येत नव्हती. इतिहासाच्या बाईला मोडी येत नाही, हे मी एकतीस वर्षांत कुणाला कळू दिलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. पोरं टाळ्या वाजवायची. पोशाबाबा माझा होता गं. बाबा, घर, हाक, सगळं तुझ्याकडे गेल्यावर तेवढा एक माझा उरला होता. तो मी तुझ्या चादरीवर कसा ठेवू? तू घडी बघितली असतीस, डाग बघितला असतास, आणि संध्याकाळपर्यंत तोही तुझा झाला असता.

पुढच्याच महिन्यात तू पनवेलला मोडीच्या वर्गाला जायला लागलीस. आठवड्याची एक सुट्टी, तीही तिथे. जुन्या चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर आधी आडवी रेघ मारायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. बाबा शेजारी बसून बघायचे आणि म्हणायचे, "सुपारी फोडल्यासारी लिवते." सहा महिन्यांत तू अडखळत वाचायला लागलीस. मीही एकदा चोरून मोडीचं पुस्तक आणलं होतं. चार दिवसांत डोकं दुखायला लागलं, ठेवून दिलं.

मग गौरीच्या जेवणाचा तो दिवस. आपलं भांडण अर्धवट राहिलंय ते त्या दिवसाचं, म्हणून लिहिते. सगळे ताटावर बसलेले, आणि तू वाढता वाढता आनंदाने सांगितलंस, "ताई, पोशाबाबा सापडले! मिठाच्या खात्यात सरकारी शिपाई होते. हजेरीचा कागद हाय, मी वाचला."

माझा घास तोंडातच राहिला. मिठाच्या खात्यातला शिपाई म्हणजे मीठ नेणाऱ्या आपल्याच लोकांना पकडून देणारा माणूस. मी एकतीस वर्षं ज्याच्या नावाने टाळ्या घेतल्या तो साहेबाच्या दारातला पट्टेवाला?

मी म्हटलं, "तुला नीट वाचता आलं नसेल."

"सरांना दाखवलं ना. आणि ताई, शिपाई होते तर त्यात काय? माझा बाप पन कंपनीच्या गेटवर वॉचमन होता."

"म्हणूनच तुला जिकडेतिकडे शिपाई दिसतात," मी म्हणाले.

विलासने मान खाली घातली. बाबांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. तू वाटी उचललीस आणि मला न विचारता आणखी वालाचं बिरडं वाढलंस, कारण मला आवडतं हे तुला ठाऊक होतं. ते बिरडं मी खाल्लं, सुनंदा. माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करायचं ठरवलं, मग आठवड्याने ठरवलं, मग वाटलं आता जुनं झालं, कशाला उकरायचं. तुझा बाप मी दोनदा पाहिला होता. एकदा तुमच्या लग्नात, आणि एकदा बाबांना दवाखान्यात भेटायला, ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्मवर. चांगला माणूस होता. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

त्या भांडणानंतर तू माझ्याशी पोशाबाबाचा विषय काढणं बंद केलंस. पण वंशावळ चालू ठेवलीस. बेडरूमच्या दारामागे पॅकिंगचा तपकिरी कागद चिकटवून त्यावर चौकोन. मी आले की तू चहा टाकायला जायचीस आणि मी हळूच दार लोटून बघायचे. आधी माझं नाव शोधलं. होतं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. याचाही मला राग आला, कारण तक्रार करायला जागा ठेवली नव्हतीस. पुरुषांचे चौकोन वरपर्यंत भरलेले होते. बायकांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हं. त्यातलं एक तुला फार छळायचं. बाबांची आजी, म्हणजे पोशाबाबाची सून. बाबांनी तिला डोळ्यांनी पाहिलेलं, तिच्या मांडीवर जेवलेले, पण नाव माहीत नाही.

"बाबा, आठवा ना. तिला लोक काय हाक मारायचे?"

"म्हातारी."

"ती तरणी होती तवा?"

"मी तवा नव्हतू गो! हाश्याची बायकू बोलत असतील."

सगळे हसले. तू नाही हसलीस. म्हणालीस, "माहेरी मी रंजना होते. लग्नात तुमी ताटातल्या तांदळावर सुनंदा लिवलंत. अजून पन्नास वर्षांनी कोन शोधायला निघालं तर मी पन नाय सापडनार." तांदळावर अंगठीने ते नाव मीच लिहिलं होतं. सुनंदा हे नावही मीच सुचवलं होतं. रंजना मला फार आधुनिक वाटलं होतं.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तो विलासचा दिवस आहे.

दहाव्याहून घरी आल्यावर मी कपाट उघडलं. साड्या बाजूला केल्या आणि तो कागद घेऊन पलंगावर बसले. इतकी वर्षं कपाटात जपलेला कागद, आणि तो वाचून दाखवू शकणारं घरातलं एकच माणूस आपण नुकतंच पोचवून आलोय, हे मला तेव्हा लख्ख कळलं. रविवारी मी पनवेलला गेले. तुझ्या सरांच्या वर्गाला.

त्यांना काही माहीत नव्हतं. मला बघून म्हणाले, "सुनंदाताई दोन आठवडे आल्या नाहीत, बऱ्या आहेत ना?" मी सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला आणि मला खुर्ची दिली. मग मी पिशवीतून कागद काढला. प्लॅस्टिक बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"बाई, हे कुणी केलं?"

"मी," म्हटलं. "शिक्षिका आहे."

त्यांनी खिडकीपाशी नेऊन वाचायला घेतलं. वाचता वाचता मान वर करून म्हणाले, "वॉरंट नाही हे. अर्ज आहे. अर्जाची घरी ठेवलेली प्रत." आणि मग वहीत उतरवून देत त्यांनी ओळी सांगितल्या. मी तशाच तुला लिहिते, तुझ्या हक्काच्या आहेत.

अर्जदार आंबी, कोम हाशा बिन पोशा. कोम म्हणजे अमक्याची बायको, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, सर म्हणाले. माझा सासरा पोशा हा मिठागरावर सरकारी शिपाई आहे. घरी मासळी खारवण्यास मीठ नव्हते म्हणून मी आगरातून ओटीत मीठ नेले. सासऱ्याने पाहिले व मज जाऊ दिले. त्याबद्दल साहेबांनी त्यास कोठडीत घातले आहे. मीठ मी नेले. गुन्हा माझा आहे. सजा मज व्हावी व सासऱ्यास सोडावे.

"आणि हा शिक्का?" मी विचारलं.

"शिक्का कुठला? बांगडी आहे ती. लिहिता न येणाऱ्या बायका सहीच्या जागी बांगडी काढत."

आठवीच्या किती वर्गांना मी ती बांगडी साहेबाचा शिक्का म्हणून दाखवली, सुनंदा! किती मुलांनी तिच्यावर बोट ठेवलं. आणि पोशाबाबा! तू म्हणत होतीस तसा शिपाई होता, मी म्हणत होते तसा कोठडीतही गेला होता. फक्त थोबाडीत कुणाच्या दिली नव्हती. सुनेच्या ओटीत मीठ दिसलं आणि त्याने मान वळवली, एवढंच. सुनेपायी कोठडीत गेला हे घरच्या पुरुषांना सांगायला बरं वाटलं नसणार, म्हणून मागाहून साहेबाला थोबाडीत बसली असेल. मी शिकवत होते ती गोष्ट छान होती. ही खरी आहे आणि तिच्याहून मोठी आहे.

आमच्या घरात सुनेवर जीव टाकायची रीत जुनीच दिसते. खिडकीपाशी उभी राहून मला पहिला विचार हाच आला, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या आंबीचाही मला हेवा वाटला. पोशाबाबाला लेकी असतील की. त्यांनी काय केलं असेल? दिल्या घरी बसून ऐकलं असेल.

दुसरा विचार तुझा आला. ज्या बाईच्या नावासाठी तू म्हाताऱ्याच्या मागे लागली होतीस, ती माझ्या साड्यांखाली होती. तुला पंधरा मिनिटं पुरली असती. मी तुला तीन वर्षं दिली नाहीत. पोशाबाबा तुझ्या हाती जाऊ नये म्हणून मी आंबीला अडवून धरलं, आणि आंबी तुझ्याच रांगेतली होती, बाहेरून येऊन या घराला आपलं म्हणणारी. सुनंदा, मी चुकले. कागदाबद्दल चुकले आणि तुझ्या वडिलांबद्दल बोलले तेही चुकले. तू होतीस म्हणून बाबांचे पाय कोमट पाण्याने धुतले जात होते, औषधं वेळेवर जात होती, आणि मला नेरूळला बसून त्यांच्यावर हक्क सांगता येत होता. हे मला सगळं कळत होतं. तरीही जळत होते. दोन्ही खरं आहे.

निघताना मी सरांना विचारलं, पुढे काय झालं? पोशा सुटला का? आंबीला शिक्षा झाली? ते म्हणाले, "पुढचे कागद कुठे शोधायचे ते सुनंदाताईंना बरोबर कळलं असतं." मी म्हटलं, हो.

काल संध्याकाळी, डबे पुसून झाल्यावर, मी बाबांपाशी जाऊन बसले. तेरा दिवसांत त्यांनी कुणाशी धड शब्द काढलेला नाही. गॅलरीत खुर्ची टाकून तळोज्याच्या बाजूला बघत बसतात. कंपनीची बस येते त्या रस्त्याला. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या आजीचं नाव आंबी होतं."

ते वळले. "आंबी," म्हणाले. मग पुन्हा, "आंबी." मी सगळं सांगितलं. ओटीतलं मीठ, मान वळवणारा सासरा, अर्ज, बांगडी. ते लहान मुलासारखे ऐकत होते. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "यो कोनी शोधला?"

सुनंदा, हाच प्रश्न मला सत्तावीस वर्षं हवा होता. उत्तर जिभेवर तयार होतं. कागद माझ्याकडे होता, पनवेलला मी गेले होते, वही माझ्या पर्समध्ये होती. खोटंही नव्हतं. तू नव्हतीस. विलास आत होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सुनंदाने. जायच्या आधी मला सांगून ठेवलं होतं तिने."

बाबांनी माझं मनगट सोडलं. डोळे पुसले. "मना वाटलाच," म्हणाले. "तुमच्यातल्या कोनाचा काम नव्हता ता."

आणि काय सांगू तुला, खोटं मीच बोलले होते, तरी मला मिरच्या झोंबल्या.